चित्रपटांचे पौराणिक, ऐतिहासिक, तमाशापट असे प्रकार पाडून समाजाला काय फरक पडतो?

तुमचं म्हणणं असं, की हे शिक्के निर्मात्यांच्या आणि समीक्षकांच्या सोयीचे; बघणाऱ्याला सगळं मनोरंजनच. मला हे अजिबात पटत नाही, आणि का ते घरापासूनच सांगते.

माझे वडील कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका थिएटरवर डोअरकीपर होते. तरीही सिनेमाला जायचं की नाही हे आमच्या घरात त्याच्या नावावरून कधी ठरलं नाही. आज्जी एकच विचारायची, "कसला हाय?" देवाचा असला तर गल्लीतल्या चार बायकांना निरोप जायचा. शिवाजी महाराजांचा असला तर पोरांना तिकिटाचे पैसे मिळायचे. तमाशाचा असला तर वडील आणि काका नऊचा खेळ बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी घरात त्याचा विषय निघायचा नाही. सिनेमाचा प्रकार म्हणजे आमच्याकडं परवाना होता. कुणी घराबाहेर पडायचं, कुणाबरोबर आणि कुठल्या खेळाला, हे तो ठरवायचा.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम पुरुषानं केलं, कारण त्या कामाला बाई मिळाली नाही. पुढं सात वर्षांनी बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कथा महाभारतातली होती म्हणून हे धाडस करता आलं, असं मला वाटतं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. द्रौपदीची आणि कीचकाची हीच कथा खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटकात मांडली होती, आणि कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून इंग्रज सरकारनं ते नाटक बंद पाडलं होतं. एवढं झाल्यावर 'सैरंध्री'तला कीचकाचा वध बघणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात फक्त पुराणच असेल का?

त्याच बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यात देव नाही, चमत्कार नाही. सावकाराच्या कर्जात जमीन जाते आणि शेतकऱ्याला शहरात मजुरीला जावं लागतं. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. गाव तेच, दिग्दर्शक तोच, पण पौराणिक पट सोडल्याबरोबर प्रेक्षकाला हात जोडून मोकळं होता येईना. पडद्यावरचा सावकार त्याच्या ओळखीचा निघाला.

ऐतिहासिक पटांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण असे पट काढणाऱ्या भालजी पेंढारकरांवर भरपूर लिहिलं गेलंय. आमच्या पेठेतले एक आजोबा भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत मावळा म्हणून उभे राहिले होते. पडद्यावर ते दिसले असतील-नसतील दोन क्षण. पण मरेपर्यंत गल्लीत त्यांची ओळख तीच होती.

तमाशापटावर मात्र थांबायला हवं. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात अडीच वर्षं चालला. दिग्दर्शक अनंत माने आपल्या कोल्हापूरचे. पुढं १९७२ साली 'पिंजरा' आला, त्याची गाणी आपल्याच जगदीश खेबुडकरांची. या चित्रपटांमुळं लावणी रेडिओवरून, लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावरून घराघरांत शिरली. फडाच्या कनातीकडं ज्यांनी कधी पाऊल टाकलं नसतं, त्यांच्या तोंडी ती बसली. गावचा पाटील जुलूम करतो हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा प्रकार मराठीत तेव्हा नव्हता, हेही मी मानते. पण गाणं घरात आलं, ते गाणारी बाई उंबऱ्याबाहेरच राहिली. पडद्यावरच्या तमासगिरिणीसाठी हळहळणारी माणसं गावात फड उतरला की पोरीबाळींना घरात घ्यायची. हे मला अजून डाचतं.

आणि ज्या प्रकाराला सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात तो म्हणजे रडका कौटुंबिक चित्रपट. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा मी कॉलेजात होते, मीही नाक मुरडलं होतं. वडील म्हणाले, "एकदा दारात येऊन उभी राहा, मग बोल." गेले. तीनच्या खेळाला खेड्यांतून टेम्पो भरून बायका आल्या होत्या, कडेवर पोरं, पिशवीत भाकरी. मध्यंतरात एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका सासरचं सांगत होत्या, अगदी नावगाव घेऊन. त्यांत माझी आत्याही होती. तिला मी माहेरी आल्यावर कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि खेळ सुटल्यावर पदरानं तोंड पुसून सहाच्या एसटीनं सासरी गेली. सुनेनं सोसत राहावं हाच संदेश अशा चित्रपटांतून गेला, ही टीका खरी आहे. पण घरात रडायचीही सोय नसलेल्या बाईला त्या प्रकारानं तीन तास अंधार दिला, आणि शेजारी तसलंच भोगलेली माणसं दिली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, एकीसाठी दुसरी सोडता येत नाही.

प्रकाराची ताकद तो मोडल्यावरही कळते. २०१६ च्या 'सैराट'ला पोरं प्रेमकथा म्हणून आली, गाण्यांवर नाचली. शेवटी त्या जोडप्याचा जातीपायी खून होतो, आणि त्या दृश्यात आवाजच काढून घेतलाय. आमच्या खेळाला त्यानंतर कितीतरी वेळ कुणी खुर्चीवरून उठलं नाही. सुरुवातीपासून 'सामाजिक' असा शिक्का असता तर ती नाचणारी पोरं आलीच नसती.

तुम्ही या विषयावर अभ्यास करत असाल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कुठला सिनेमा आवडला हे विचारू नका. कुठल्या सिनेमाला जाऊ दिलं नव्हतं, ते विचारा.