ट्रान्सलीजनचं 'भाषांतर' करू नका

प्रश्न असा आहे: 'डीएनएवरच्या एका लेखात "ट्रान्सलेशन सिंथेसिस" वाचलं. "भाषांतर संश्लेषण" म्हणावं का? हे काम करणारी पॉलिमरेज (डीएनएची नक्कल उतरवणारी विकरं) "चुकार" असतात, हे बरोबर का?'

भाषांतराचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द ट्रान्सलीजन. आरएनएवरून प्रथिन बनतं ते ट्रान्सलेशन वेगळं. देवनागरीत उतरवताना दोघांची गल्लत झाली. लीजन म्हणजे इजा, क्षत. डीएनएतलं क्षत तसंच ठेवून, ते ओलांडून पुढे नक्कल करत जायचं. मी 'क्षतोल्लंघी संश्लेषण' म्हणेन. 'उल्लंघन' म्हटलं की नियमभंग आठवतो खरा, पण आपलं दसऱ्याचं सीमोल्लंघन आहेच की!

पोथीत चिकटलेली मेलेली माशी पाहून नकलेतही माशी मारून चिकटवणारा लेखनिक आपल्याला ठाऊक आहे: मक्षिकास्थाने मक्षिका. पेशीतलं नेहमीचं पॉलिमरेज याच्या उलट. माशी दिसली की लेखणी खाली. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएतली शेजारची दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना जखडली, की ती झाली माशी. मग बदली लेखनिक येतो, पॉलिमरेज ईटा. याची खोबण ऐसपैस, जखडलेली जोडी तिच्यात मावते, आणि समोर दोन अ‍ॅडेनिन बसतात; थायमिनचं जोडीदार अक्षर तेच. म्हणजे माशीखालचं अक्षर त्याने अचूक ओळखलं!

ईटा जन्मतःच निकामी असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोझम या ऊन न सोसणाऱ्या त्वचेच्या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार होतो; हा संबंध 1999 साली उलगडला. अशा वेळी इतर बदली लेखनिक माशीखालचं अक्षर अंदाजाने लिहितात. अंदाज चुकला की पुढच्या नकलेला तीच चूक मूळ पाठ. हेच उत्परिवर्तन. त्यातून या रुग्णांना त्वचेचे कर्करोग होतात.

याला 'दुरुस्ती' मात्र म्हणू नये. माशी जागच्या जागी असते, फक्त वेळ मारून नेलेली असते.

आता 'चुकार'. कामचुकार आठवा: चुकार म्हणजे काम चुकवणारा, काम चुकणारा नव्हे. इथे तर इतरांनी टाकलेलं काम हे करतात. 'प्रमादशील' म्हणा. तेही जपून, कारण त्या जखडलेल्या जोडीसमोर ईटा सहसा चुकत नाही. धडधाकट अक्षरांवर बसवा, तिथे त्याचा ढिसाळपणा दिसतो. खोबण सैल, आणि लिहिलेलं परत तपासायची सोयच नाही.