दुकानासह घर विकत घेण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. पाटोद्याच्या बाजूला रस्त्यालगत असलेले किराणा दुकान, त्याच्या मागे राहते घर आणि परसात बोअर, असे सगळे एकत्र विकायला निघाले आहे आणि मालक दिवाळीच्या आत इसार मागत आहेत, असे तू लिहितोस. नोकरी सोडून गावाकडे येण्याचा तुझा विचार मला मनापासून पटला आहे. परंतु त्यात तुझ्या बचतीसोबत वडिलांच्या निवृत्तीचा पैसाही जाणार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावोगावच्या दुकानांना ठोक माल पुरवण्यात माझी उमर गेली आणि त्या काळात अशी दुकाने विकली जाताना, घेणारे सुखी होताना आणि पस्तावतानाही मी पाहिली आहेत.

आरंभी एक गोष्ट नीट समजून घे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने मिळकतीतले आणि हक्कातले महत्त्वाचे दोष खरेदीदाराला सांगितले पाहिजेत, आणि मागितल्यास हक्काची कागदपत्रे तपासायला दिली पाहिजेत. मात्र दोष सांगण्याचे हे बंधन जे विक्रेत्याला ठाऊक आहे, खरेदीदाराला ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही ज्याचा शोध त्याला लागला नसता, तेवढ्यापुरतेच आहे. पोते बाजूला सरकवून जे दिसले असते किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करून जे कळले असते, त्याचे नुकसान तुझ्याच पदरात पडण्याचा संभव अधिक. दुसरे असे की, तुझ्याकडून जागा, इमारत आणि धंदा या तीन वेगवेगळ्या वस्तूंची मिळून एकच किंमत मागितली जात आहे, आणि अशा व्यवहारात एकाचा दोष दुसऱ्याच्या आड सहज लपतो. भरलेल्या दुकानामुळे भिंत दिसत नाही, नीटनेटक्या घरामुळे कागद पाहायचे राहून जातात आणि गल्ल्यावरच्या गर्दीपुढे या दोन्हींचा विसर पडतो. म्हणून मालकाकडून तिन्हींचे आकडे वेगळे लिहून माग. ते द्यायला टाळाटाळ झाली तर त्यावरूनही तुला पुष्कळ कळेल.

इमारत पाहायला जाशील तेव्हा दुकानातली पोती भिंतीपासून हातभर बाहेर ओढायला लाव. विशेषतः खडे मीठ आणि रासायनिक खत ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे ठेवले गेले, तो कोपरा रिकामा करून पाहा. मीठ हवेतली आणि जमिनीतली ओल धरते, ते पाणी भिंतीत मुरते, आणि वाळताना त्यातल्या क्षारांचे स्फटिक होऊन गिलावा आणि विटा आतून फोडतात. अशा भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड फुटते आणि अंगठ्याने दाबले की गिलाव्याचा भुगा होऊन खाली पडतो. वरून नवा गिलावा केला तरी दोन पावसाळ्यांत क्षार पुन्हा बाहेर येतात. तुझ्या छायाचित्रांत दुकानाच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या आहेत आणि एकाच भिंतीला खालून कमरेइतका नवा ऑइलपेंट दिलेला आहे. तोच भाग मला आधी उकरून पाहावासा वाटतो.

त्या पट्ट्यात काही गावांत काळी जमीन आहे, काही ठिकाणी वीतभर खालीच मुरूम लागतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंती दरवर्षी थोड्या थोड्या हलतात. खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या चिरा, पावसाळ्यात अडकणारे आणि उन्हाळ्यात सैल पडणारे दार, फरशीचा मधला फुगवटा, या खुणा रंगाने झाकता येत नाहीत. पाया किती खोल गेला आहे हे मालकाला विचारण्यापेक्षा घर ज्याने बांधले त्या गवंड्याला विचार. गावात तो बहुधा सापडतोच.

याहून गंभीर दोष दर्शनी बाजूला असू शकतो. जुन्या घराचे दुकान करताना रस्त्याकडची जाड भिंत फोडून शटर बसवतात, आणि जी भिंत माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचा, सगळा भार पेलत होती तिच्या जागी एखादा लोखंडी गर्डर टाकून वेळ मारून नेतात. तो गर्डर दोन्ही टोकांना कशावर टेकला आहे ते शिडी लावून पाहा. खाली सिमेंटचा किंवा घडीव दगडाचा आधार नसून नुसती पांढऱ्या मातीची भिंत असेल, तर दुरुस्तीचा खर्च अभियंत्याकडून काढून घेतल्याशिवाय किमतीवर बोलू नकोस. माळवदावर चढून मातीचा थर किती वाढत गेला आहे हेही पाहा, कारण गळती थांबवायला दर काही वर्षांनी वर माती टाकली जाते आणि खालच्या लाकडावरचे ओझे वाढत राहते. लाकडाला वाळवी लागली आहे की नाही, हे तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिले की समजते. मधला भाग ठणठणीत आणि टोके पोकळ, असे फार वेळा आढळते.

बोअरचे पाणी आश्विन-कार्तिकात पाहून समाधान मानू नकोस. तिथल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते, आणि चैत्र-वैशाखात ते साठे आटले की बोअर अर्ध्या तासात उचक्या देऊ लागतो. गेल्या काही उन्हाळ्यांत गावाला टँकर किती महिने लागला हे शेजारच्या बायकांना विचारावे, त्यांच्याइतके नेमके उत्तर कोणाकडे मिळत नाही. शौचालयाचा शोषखड्डा बोअरपासून किती लांब आहे तेही त्याच वेळी पाहून घे.

आता कागदांविषयी. मालकाने तुला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या दाखवल्या, आणि तू त्यावर समाधानी दिसतोस. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढे तिच्यातून कळते, पण त्या नावाच्या माणसाची मालकी तिने सिद्ध होत नाही. गायरानावरच्या घरांचीही घरपट्टी भरली जाते, आणि तरीही ती जागा गायरानच राहते. जागा गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली आहे का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाहा आणि पत्रिकेवरचे क्षेत्र जागेवर टेप लावून ताडून घे. रस्त्याकडचा ओटा, त्यावरचा पत्रा आणि शीतपेयांचा फ्रिज ठेवलेली जागा बहुधा पत्रिकेत येणार नाही. दुकानाची निम्मी शोभा त्या ओट्यावर असते, आणि रस्ता रुंद करायला यंत्र आले की पहिल्यांदा तोच जातो. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागात जाऊन त्या रस्त्याची इमारत रेषा, म्हणजे जिच्या पुढे रस्त्याकडे बांधकाम करता येत नाही ती हद्द, कुठून जाते आणि रुंदीकरण किंवा वळणरस्ता प्रस्तावित आहे का, हे लेखी विचार. वळणरस्त्याने दुकानाची भिंतही पडत नाही आणि भरपाईही मिळत नाही, फक्त एसटी आणि गिऱ्हाईक दुसरीकडून जाऊ लागतात.

विक्रेते दोघे भाऊ आहेत, वडील वारले आहेत आणि दोन बहिणी सासरी आहेत, असे तू ओघात लिहून गेलास. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीही भावांच्या बरोबरीच्या वारस आहेत. मिळकत वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच हिस्सा आहे, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मृताची स्थावर मिळकत किंवा त्याचा धंदा वारसांपैकी एकजण विकू लागला, तर बाकीच्यांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क मिळतो. दुकान आणि घर दोन्ही यात येतात. तेव्हा बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे, नाहीतर त्यांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात. बहिणींची काही हरकत नाही असे भावांनी तोंडी सांगितले तर ते ऐकून घे, पण त्यावर पैसा देऊ नकोस. आणि त्या बहिणींना काही न मिळता सह्या घेतल्या जात आहेत असे दिसले तर तेही बोलून दाखव; ज्या घरात तू संसार मांडणार, तिथे कोणाचा तळतळाट नको. मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र पाहायला मागायला विसरू नकोस. ते पतसंस्थेत ठेवलेले असेल तर मिळकतीवर कर्ज आहे असे समज. विजेच्या बिलाची थकबाकीही तपास. नियमात तशी तरतूद असेल तर जागेवरची जुनी बाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय आहे.

धंद्याचा दोष मात्र कोणत्याही कार्यालयात कळणार नाही, आणि तुझी खरी फसगत तिथेच होईल अशी मला भीती वाटते. तू दुकान पाहिलेस ते नवरात्रात. त्या भागातली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. जाण्याआधी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळते, त्या पैशातून मागची उधारी फिटते, टोळीबरोबर न्यायला पीठ, तेल, डाळ, मिरची, साबण भरून घेतले जाते, आणि दुकानदाराला त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. दिवाळीच्या पुढेमागे गाड्या निघाल्या की गल्लीगल्लीतून दाराला कुलपे दिसतात आणि म्हातारी माणसे व शाळेतली पोरे तेवढी मागे राहतात. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसे परततात तोपर्यंत दुकानाचा गल्ला कसाबसा वीजबिलापुरता भरतो. दिवाळीआधी इसार मागण्याची घाई यातून आली आहे असे मी म्हणत नाही, परंतु पौषात एका साध्या मंगळवारी तू सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथे बसावेस असा माझा आग्रह आहे. वर्षभराची विक्री मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ठोक व्यापाऱ्याकडची खरेदीची बिले महिनावार मागून घे. खरेदी किती झाली हे कळले की विक्री फुगवून सांगता येत नाही.

उधारीची वही तुला किमतीत धरून देऊ करतील. ती वेगळी काढ. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे, आणि दुसऱ्याचे येणे विकत घेताना लेखी हस्तांतरण लागते. पण कायदा सोडला तरी, गावातला माणूस ज्याच्याकडून माल नेला त्याचेच पैसे फेडतो. नवा दुकानदार जुन्याची वही घेऊन दारात उभा राहिला तर पैसेही येत नाहीत आणि गिऱ्हाईकही तुटते. मालाची मोजदाद करताना फळीवरच्या पुढच्या ओळीमागचे डबे बाहेर काढून त्यांवरच्या तारखा पाहा. अन्नपरवाना तुला स्वतःच्या नावाने घ्यावा लागेल. खते-बियाण्यांचा परवाना किंवा रास्त भाव दुकानाचा अधिकार मालक सोबत देतो म्हणत असेल, तर ते त्याला विकता येत नाही.

विक्रेत्यांपैकी धाकटा भाऊ गावातच राहणार आहे का, हे तू लिहिले नाहीस. तो राहणार असेल तर वर्षाच्या आत समोर नवे शटर लागण्याची शक्यता धरून चाल, कारण गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखते. दुकानाचा नावलौकिकही विकत घेत असशील तर, तुझा धंदा त्या जागी चालू आहे तोवर विक्रेत्याने ठरावीक वाजवी हद्दीत तोच धंदा करू नये, अशी अट घालायला १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ परवानगी देते. ही अट दोन्ही भावांच्या सहीने साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, यायला हवी.

साठेखताचा मसुदा तालुक्याच्या वकिलाकडून तयार झाला की सही करण्याआधी मला पाठव. बहिणींच्या सह्या आणि मूळ खरेदीखत हाती येईपर्यंत इसाराची रक्कम लहान ठेव, ती चेकने किंवा बँकेतूनच दे, आणि हक्कात दोष निघाल्यास ती परत मिळेल असे कलम त्यात घाल. पौषात तू जाशील तेव्हा मीही येतो. तो गर्डर मला शिडीवर चढून स्वतः पाहायचा आहे.

तुझा,
काका