चर्चने गरिबांसाठी पतसंस्था काढल्याचा इतिहास खरंच आहे का?

हो आहे, आणि लांब जायची गरजच नाही. आपल्याकडे नाशकात पतसंस्था म्हटलं की पहिले ठेवी बुडाल्याच्याच गोष्टी निघतात (माझ्या मावशीचे पण अडकलेत, असो), पण रांचीला १९०९ साली फादर हॉफमन नावाच्या जर्मन जेसुइटने (जेसुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) कॅथलिक मिशनची सहकारी पतसंस्था काढली होती. कारण साधं, तिथले मुंडा-उरांव आदिवासी सावकाराकडून बी-बियाण्याला कर्ज घ्यायचे आणि शेवटी जमीनच जायची, म्हणून मग थोडे थोडे पैसे सगळ्यांनी टाकायचे आणि त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायचं, शिवाय धान्याची सामायिक कोठारं पण, म्हणजे पैसे नसले तरी धान टाका आणि गरजेला उचला. मूळ आयडिया जर्मनीत गावागावात पतसंस्था उभ्या करणाऱ्या रायफायझनची, गावात लोक एकमेकांना ओळखतात तीच जामीनकी. आपल्या पेठ-सुरगाण्याकडचे बचत गट बघा, फार वेगळं नाही. पहिलं महायुद्ध लागलं आणि बिचाऱ्या हॉफमनला जर्मन म्हणून १९१५ ला देशाबाहेर काढलं, संस्था मात्र टिकली.

अमेरिकेत पण तसंच, न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला १९०८ मध्ये कापड गिरणीतल्या फ्रेंच-कॅनेडियन कामगारांसाठी चर्चच्या फादरने पुढाकार घेतला, कॅनडात अशाच पतसंस्था सुरू करणाऱ्या देजार्दांची मदत घेऊन. तीच तिथली पहिली क्रेडिट युनियन (म्हणजे सभासदांचीच पतसंस्था), सेंट मेरीज बँक नावाने अजून चालू आहे. सुरुवातीला ऑफिस कुठे, तर एका वकिलाच्या घरात!