पाळक (चर्चचे धर्मगुरू) नसलेल्या माणसाने चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांची भेट घेऊन प्रार्थना केली तर चालते का?

हो, नक्की जा. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 6 मध्ये विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी मंडळीतूनच सात जण निवडले होते, म्हणजे अशी सेवा इतरांनीही केली आहे. कॅथलिकांत पापकबुली आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (प्रार्थनेसह तेल लावण्याचा विधी) फादरच करतात, पण नेमलेले सामान्य भाविक कम्युनियन (चर्चमध्ये पवित्र केलेली भाकर) आजाऱ्यांच्या घरी नेऊ शकतात.

आम्ही वडोदऱ्यात फतेहगंजला एका आजींकडे जायचो. गुजराती शेजारणी त्यांचं सगळं प्रेमाने करायच्या, पण बायबलमधलं स्तोत्र 23 त्यांना मराठीतच हवं असायचं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हटलं की त्यांचे ओठ हलायचे.

उपदेश नको. थोडा वेळ बसा, विचारूनच प्रार्थना करा. ऐकलेलं बाहेर बोलू नका, अगदी ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणूनसुद्धा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी पाळकांना आणि घरच्यांना सांगा.