कर्ज मागे ठेवून कॅनडाला निघण्याआधी

भांडुपचा फ्लॅट बँकेकडे गहाण, वडिलांना जामीन ठेवून काढलेलं पर्सनल लोन थकलेलं, वर दोन क्रेडिट कार्डं. टोरोंटोला येऊन इथेच दिवाळखोरी जाहीर केली तर मुंबईचं सगळं मिटेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही मिटणार, आणि त्या भरवशावर तिकीट काढू नका.

इथे हे काम सरकारी परवाना असलेल्या ट्रस्टीमार्फत चालतं. पहिलीच वेळ असेल आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर साधारण ९ महिन्यांत सुटका होते, उत्पन्न जास्त असेल तर २१ महिने लागतात. तोवर क्रेडिट कार्डं ट्रस्टीकडे जमा, दर महिन्याला घरचा जमाखर्च त्याला द्यायचा. सुटकेनंतरही क्रेडिट रिपोर्टवर ती नोंद किमान ६ वर्षं राहते, आणि इथे भाड्याने घर द्यायच्या आधीच मालक तो रिपोर्ट मागतात. मालमत्ता जगात कुठेही असली तरी सांगावी लागते, म्हणजे भांडुपचा फ्लॅटही आला. उलट इथल्या आदेशाने तिकडची बँक आपोआप बांधली जात नाही. हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन ती फ्लॅटचा ताबा घेऊ शकते.

तीन वर्षं परदेशात काढली की दावा मुदतबाह्य होतो, हेही डोक्यातून काढा. १९६३ च्या मुदत कायद्यात तुम्ही भारताबाहेर असता तो काळ मोजलाच जात नाही.

मुंबईतच नादारीचा अर्ज करायचा तर २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता तुमच्या कामाची नाही. व्यक्तींपैकी ती अजून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांना लागू आहे. तुम्हाला १९०९ चाच नादारी कायदा. मालमत्ता हायकोर्टाच्या ऑफिशियल असाइनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि अवजारं, कपडे, अंथरूण, भांडी मिळून सूट किती, तर ३०० रुपये! शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आहे हा.

मला खरी काळजी तुमच्या वडिलांची वाटते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुम्ही विमानात बसलात की वसुलीवाले त्यांच्या दारात उभे राहणार. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

फ्लॅट विकायचा असेल तर तुम्ही मुंबईत असतानाच, बँकेला विचारून विका. मुखत्यारपत्रावर विकणं फार जिकिरीचं जातं. पीएफवर कोर्टाची जप्ती येत नाही, तेव्हा वसुली एजंटच्या दबावाखाली तो मोडू नका. कार्डांची तडजोड केलीत तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहील, तो चालवून घ्या. पण तडजोडीचं पत्र हातात पडेपर्यंत पैसे भरू नका.

फ्लॅटच्या पैशातून आधी वडिलांची जामीनकी सोडवा आणि नो ड्यूज सर्टिफिकेट त्यांच्याकडेच ठेवा. कार्डांचं उरलंसुरलं इथून ईमेलवरही निस्तरता येतं.