‘मुलामा’ नको, ‘मीना’ म्हणा. आणि ‘गाभा’ विसरू नका

प्रश्न असा आहे: जुन्या जपानी फुलदाण्या आणि ‘जार’ यांच्या वर्णनात ‘क्लॉइझने ऑन पोर्सेलिन’ असं येतं. त्याला ‘चिनी मातीवरचा मुलामा’ म्हटलं तर चालेल का?

मुलामा नको. मुलामा असतो धातूचा. तांब्यावर सोन्याचा चढवतात तो. इथे भाजून बसवलेली असते रंगीत काच, आणि तिच्यासाठी फारसीतून आलेला ‘मीना’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. फक्त ‘मीनाकाम’ म्हटलं की जयपूरचे दागिने आठवतात, आणि तिथे धातू कोरून खळग्यांत मीना भरतात. क्लॉइझनेत पट्टीसारखी बारीक तार उभी चिकटवून तिचे खण पाडतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच आडभिंतींनी खण पाडलेलं. म्हणून ‘तारेच्या खणांचं मीनाकाम’ म्हणावं.

जपानी नाव फार सुंदर आहे: शिप्पो, म्हणजे बौद्ध ग्रंथांतली सप्तरत्नं. पोर्सेलिनवरचं काम ते ‘जिताई शिप्पो’. ‘जि’ म्हणजे पोर्सेलिन आणि ‘ताई’ म्हणजे गर्भ. आपला ‘गाभा’ही ‘गर्भा’तूनच आला! तेव्हा ‘चिनी मातीच्या गाभ्याचं शिप्पो’ हे मला सर्वांत चपखल वाटतं.

गाभ्याचा उल्लेख गाळू नये, कारण नेहमीचं शिप्पो तांब्यावर होतं. काजी त्सुनेकिची यांनी १८३० च्या दशकात ओवारी प्रांतात ही कला पुन्हा उभी केली, तीही धातूवर. पोर्सेलिनचा प्रकार बहरला १८७० च्या दशकात, नागोयाच्या ताकेउची चूबेई यांच्यासारख्या कारागिरांच्या हातून. तांब्यावर तारेला डाक देता येतो, म्हणजे ती झाळून जोडता येते; चिनी मातीवर नाही. तिथे तार आधी डिंकासारख्या चिकट पदार्थाने लावतात. भट्टीत तो जळून जातो आणि पुढे वितळलेला मीनाच तारेला धरून ठेवतो. भाजताना मीना आक्रसतो, म्हणून खण पुन्हा पुन्हा भरून भाजावे लागतात आणि शेवटी दगडाने घासून सपाट करावे लागतात. माती आणि मीना थंड होताना सारखे आकुंचन पावले नाहीत, तर मीन्याला तडे जातात किंवा तुकडा तारेसकट सुटतो.

ओळखायचं असेल तर तोंडातून आत आणि बुडाखाली पाहा. तांब्याच्या भांड्यात आतूनही मीना दिलेला असतो. इथे पांढरं, झिलईदार पोर्सेलिन दिसेल, कधी त्यावर निळी नक्षीही. आणि ‘जार’साठी शब्द शोधत बसू नका, झाकणाची ती ‘बरणी’च.