स्केलच्या गेमबद्दल तुला थोडंसं

अगं, तुझ्या फोनवरच्या पियानो-सरावाच्या गेमचा स्क्रीनशॉट बघितला, सी मेजर स्केलला (म्हणजे सी पासून ओळीने वाजवायची सुरांची शिडी) तीन स्टार आणि कॉम्बो (न चुकता सलग वाजवणं) पण तुटलेला नाही, भारीच की! आणि हे खोचकपणे नाही म्हणत आहे, कारण स्केल म्हटलं की भल्याभल्यांना झोप येते आणि तू रोज आपणहून बसतेस, तेवढं काम त्या गेमने केलंय ना, मग त्याला नावं कशाला ठेवायची.

पण सोबतचा व्हिडिओ मी आवाज मोठा करून ऐकला. उजव्या हाताने सी, डी, ई झाले की अंगठा खालून सरकून एफवर येतो, आणि तिथे प्रत्येक वेळी धप्प! बाकीचे सूर एका जोराचे आणि हा एकटाच ओरडतोय. गेमला ते कळत नाही, कारण तो फक्त कुठला सूर आणि नेमका कधी वाजला एवढंच बघतो. खरंतर कीबोर्ड वायरने जोडलेला आहे म्हणजे प्रत्येक सुराचा जोर १ ते १२७ मधल्या आकड्यात फोनपर्यंत पोचतोय, पण तुझा गेम त्याचे मार्कच देत नाहीये. आणि बोट कुठलं लावलं हे तर त्याला दिसायची सोयच नाही, त्यामुळे एफ मेजरला तू बी फ्लॅटवर (बी च्या लगेच डावीकडची काळी पट्टी) चौथ्याऐवजी तिसरं बोट टाकलंस, पुढे बोटं कमी पडली, कशीतरी उडी मारलीस आणि त्याने हिरवं दाखवलं! ही उडी आत्ता खपून जातेय, स्पीड वाढवलास की तिथेच अडकशील.

म्हणून आधी दहा मिनिटं फोन उलटा ठेवून बस. नुसता मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र), मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर, आणि कान फक्त अंगठ्याकडे. मनगट वाकडं करू नकोस, तिसरं बोट ई वर असतानाच अंगठा आत सरकायला लागला पाहिजे, एफ यायची वेळ झाल्यावर नाही. मग ई-एफ, ई-एफ एवढंच मागेपुढे वाजव, कंटाळवाणं आहे, माहितीये, पण धप्प जातं ते असंच. गेम त्यानंतर लाव, बक्षीस म्हणून.

आणि सगळी सुरुवात सी मेजरनेच करायची असं तुला कोणी सांगितलं? जुना नामवंत पियानो संगीतकार शोपाँ शिष्यांना आधी बी मेजर द्यायचा. त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात, लांब बोटं वर काळ्यांवर आपसूक बसतात आणि अंगठ्याला खालून जायला जागा मिळते. सी मेजर वाचायला सोपा, पण हाताला खुणेची एकही काळी पट्टी नाही म्हणून त्याच्या मते तोच अवघड. करून बघ, कागदावर पाच शार्प (सूर अर्धी पायरी वर नेणाऱ्या खुणा) दिसले म्हणून घाबरू नकोस.

अजून एक, गेममध्ये वरून पडणाऱ्या चौकोनांमागे धावताना पुढचा सूर कुठला हे तुला लक्षात ठेवावंच लागत नाही. तर स्क्रीन बंद करून बी मेजर मधूनच, जी शार्पपासून, खाली येत वाजव बरं. अडखळलीस तर तो स्केल अजून तुला येत नाही, स्टार कितीही असोत. वाजवताना तोंडाने गुणगुणत जा, गळ्याला पुढचा सूर आधी कळतो, बोटं मागून येतात (निदान माझं तरी तसंच होतं).

गेममधली स्ट्रीक (रोज न चुकता खेळल्याची मोजणी) मोडेल म्हणून रात्री झोपेत पेंगत दोन स्केल उरकतेस ना, ते बंद कर. मोडू दे.

आणि ते ब्लूटूथ हेडफोन आधी काढ! आवाज पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज उशीर होतो, आणि १२० च्या लयीत ठोक्याला दोन सूर वाजवताना दोन सुरांमधलं अंतरच २५० असतं. तू ऐकून लय धरतेस आणि मग गेम 'लेट', 'लेट' म्हणत बसतो. वायरवाले लाव आणि तोच लेव्हल परत खेळ, त्यातले बरेचसे 'लेट' तुझ्या हाताचे नव्हतेच.